सासऱ्यांचे दोन रुपये आणि माझी नादारी

माणसानं खरं बोलावं, मान्य. पण किती? बसा, चहा घ्या आणि ऐका. माझ्या खरेपणापायी माझं लग्न मोडायची वेळ आली होती!

मी सरकारी कर्ज-शिष्यवृत्तीवर बी.एस्सी. झालो होतो. म्हणजे शिकताना सरकारनं पैसे द्यायचे, कमवायला लागलं की आपण हप्त्यानं फेडायचे. मी काय केलं? लकडगंजात संत्र्याच्या सरबताचं दुकान टाकलं. तेही ऐन थंडीत!

त्यातच प्रतापनगरच्या कुसुमशी लग्न ठरलं. तिचे वडील हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मुलगी पाहायला गेलो तेव्हाच ते म्हणाले, "आमच्या शाळेत विज्ञानाची जागा खाली आहे. येता काय?"

"छे! आपण धंदेवाले. खडू नाही धरणार," मी ऐटीत म्हणालो.

आणि निघताना सायकल पंक्चर! रिक्षासाठी दोन रुपये गुरुजींकडूनच घेतले. म्हणे धंदेवाले!

पुढं दुकान बसलं आणि नेमकं तेव्हाच हप्त्यासाठी सरकारचं पत्र आलं. माझा दोस्त बबन कोर्टाबाहेर अर्ज लिहून द्यायचा.

"नादारीचा अर्ज टाक ना गा. कोर्टानं नादार ठरवलं का सारं देणं खतम!"

"सरकारचंही?"

"साऱ्यात सरकार नाही येत काय? फक्त यादीत एकही नाव सुटलं नाही पाहिजे. शपथेवर आहे."

शपथेवर म्हटल्यावर मी कशाला सोडतो? सरकार, बाटल्यावाला, बर्फवाला, पानठेला चार आणे... आणि शेवटी, गुरुजी, हेडमास्तर, प्रतापनगर, रुपये दोन! मन कसं स्वच्छ झालं.

पण यादीतल्या प्रत्येकाला कोर्टाची नोटीस जाते, हे बबननं सांगायला नको?

तारखेला पाहतो तर कोर्टाच्या व्हरांड्यात ही गर्दी! पानठेलेवाला कपाळ बडवत होता, "अबे, चार आण्यासाठी मले कोर्टात? मी तर इसरलो होतो!"

त्याच्या मागे काळी टोपी. गुरुजी! हातात नोटीस.

"काहून गा," ते म्हणाले. परवापर्यंत मी 'जावईबापू' होतो बरं! "दोन रुपयांसाठी दिवाळं काढून राहिला तू? पोरीले काय सांगू मी?"

कुसुम मला फार आवडली होती हो. आता ती हातची जाणार!

तेवढ्यात पुकारा झाला. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "बाकीच्यांचं सुटेल एक वेळ. सरकारचं देणं नादारीतून सुटत नाही. शिक्षणासाठी घेतलेलं असलं तरी नाही."

घ्या! बर्फवाला बुडणार, गुरुजी बुडणार आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कर्ज तसंच उभं! मागे वळून पाहिलं तर बबन गायब. मी मुकाट्यानं अर्ज मागे घेतला.

बाहेर गुरुजी थांबले होते. "घरी चल. कुसुम दोन दिवसांपासून हसून राहिली. म्हणते, जो दोन रुपये लपवत नाही, तो मोठं काय लपवणार?"

मी रडायचाच बाकी होतो.

"अन् शिष्यवृत्तीचा कागद वाचला नाही काय गा? मास्तर झालेल्याले सरकार दर वर्षी दहावा हिस्सा सोडते. तू पोरीले पाहाले आला, त्याच दिवशी सांगणार होतो. पण तुले खडू नको होता!"

धरला खडू. लग्न झालं, संसार छान चालला. दहा वर्षांनी सरकारी कर्ज साफ संपलं, तेव्हा मी छाती काढून गुरुजींसमोर दोन रुपये ठेवले.

त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "हे देणं राहू दे गा तुझ्यावर. सरकारनं तुले सोडलं. आता मीही सोडलं, तर तू पुन्हा सरबत विकशील!"

मी मान खाली घातली. कारण त्याच सकाळी लकडगंजात जाऊन मी रिकाम्या बाटल्यांचा भाव विचारून आलो होतो.