सगळं ठावं असलेला सूत्रधार

बेंबळीच्या ज्ञानोबाला गावातलं सगळं कळतं, असं गावच म्हणायचं. पिठाची गिरणी त्याची. कुणाकडं पाहुणे आले, कुणाची सून माहेरी रुसून बसली, हे त्याला दळणाच्या डब्यावरून समजायचं. आणि जत्रेत दरसाल वनवासाला धाडलेल्या राणीची जुनी कथा नाटकात व्हायची, तिचा सूत्रधारही हाच गडी! तीस वर्षं. राणी निर्दोष आहे हे तो लोकांना आधीच सांगायचा आणि कडेला सरकायचा. मग राजा आळ घेऊन तिला हाकलायचा, बाया डोळ्याला पदर लावायच्या. सूत्रधाराला सगळी पात्रं दिसतात, पात्रांना सूत्रधार दिसत नाही, हा त्याचा कायदा. तालमीत कुणी चुकून त्याच्याकडं बघितलं, की प्रवेश पुन्हा पहिल्यापासून.

यंदा मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शाळेतल्या योगीराज मास्तरानं कथा नव्यानं लिहिली होती. ज्ञानोबाला त्याच्या बोलण्याचीच तेवढी पानं दिली. बाकीची मागितली तर नुसतं बघू, बघू. तो तालमीला पोचला की कुजबुज थांबायची. राणी झालेली हर्षाली दळण घेऊन आली, तर मान खाली घालून उभी. त्यात मास्तरानं त्याचा आवाज मोबाईलवर भरून घेतला, म्हणे जाहिरातीसाठी. झालं! आवाज कर्ण्यावर वाजवणार आणि आपल्याला घरी बसवणार, अशी ज्ञानोबाची खात्रीच पटली.

बायको कमलबाई म्हणाली, सरळ विचारा की मास्तरला. पण ज्याला सगळं कळतं त्यानं विचारायचं कसं? सूत्रधारकी गेली तर आपण नुसते गिरणीवाले, या भीतीनं तो ताट सारून उठला.

नाटकाच्या दिवशी तो दोन तास आधीच रंगमंचावर जाऊन बसला. बघू कोण उठवतंय! कुणीच उठवलं नाही. नाटक रंगलं. वनवासाचा प्रवेश आला, राणी निर्दोष आहे असं सांगून ज्ञानोबा कडेला सरकला. तोच हर्षाली राजाकडं पाठ करून थेट त्याच्यासमोर आली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"बाबा, तुमाला समदं ठावं हाय. दरसाल ह्या लोकास्नी सांगता. राजाला कधी सांगितलं का?"

म्हणजे हे लपवत होते होय! ज्ञानोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण उत्तर त्याच्या पानांत नव्हतं. मास्तरानं लिहिलं होतं ते एवढंच, की सूत्रधार गप्प राहतो आणि राणी निघून जाते. तीस वर्षं आपण खरंच राजाला सांगितलं नाही, हे त्याला उमगलं आणि राग कुठल्या कुठं गेला. लाज तेवढी उरली.

तो राजा झालेल्या झुबेरसमोर गेला. झुबेर बिचारा कायद्याप्रमाणं दुसरीकडंच बघत होता. ज्ञानोबानं त्याचा दंड धरला.

"झुबेर, इकडं बघ माझ्याकडं. बाईचा कायबी दोष न्हाय."

झुबेरनं बघितलं. पुढचं बोलणं कुणालाच येत नव्हतं. शेवटी तोच सिंहासनावरून उठला आणि हर्षालीला बसायला जागा दिली.

त्या साली राणी वनवासाला गेली नाही.