बोलावणं न धाडता

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवा चौकोन होता. त्यात ‘पब्लिश’ असं लिहिलेलं होतं आणि गेले काही रविवार मी तो नुसता बघत होते. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं हातात दिली, परत घेतली, फाटली तर चिकटवली. आपण लिहिलेलं कुणी वाचावं असं त्या सगळ्या वर्षांत कधी वाटलं नाही. आता वाटत होतं, आणि इतकं की भाकरी थापता थापता हात पुसून मी आतल्या खोलीत जायची, लॅपटॉप उघडून चौकोन जागेवर आहे ना ते बघायची आणि परत तव्यापाशी यायची.

हे गेले त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. हे म्हणजे माझा नवरा. फौजेतून निवृत्त होऊन फलटणजवळच्या आमच्या गावी ऊस करत होते. घरात पाऊल टाकताना उंबऱ्यातूनच विचारायचे, “सब हाजिर?” घरात आम्ही दोघीच असायचो, त्यांची आई आणि मी, तरी विचारायचे. ते गेल्यावर मी लिहायला लागले. सावकाश, आठवड्याला एखादं पान. मोठं काही नाही. त्यांची चादर घडी घालायची रीत, बुटाला पॉलिश करताना लागणारी शांतता, असलंच.

माझी नणंद शिरवळला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. ती रविवारी आईला भेटायला येते. तिनं एकदा ही पानं वाचली आणि म्हणाली, हे न्यूजलेटर म्हणून काढा. तिनंच समजावलं. एक पान आपल्या नावाचं असतं, ज्याला वाचायचंय तो आपला ईमेल देतो आणि लिहिलेलं थेट त्याच्याकडे पोचतं. मध्ये संपादक नाही, ‘साभार परत’ नाही. मला ते खरंच वाटेना. मग तिनं माझ्यासमोर पान तयार केलं, वर नाव टाकलं ‘हाजिर’, आणि ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. या वयात! त्यानंतर मी अक्षरांचा आकार तीनदा बदलला आणि पहिल्यासारखा केला.

अडचण एकच होती. सासूबाई. हे गेल्यापासून त्यांनी यांच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. कुणी विषय काढला की म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून त्या उठून जायच्या. म्हशीनं इतकं पाणी आयुष्यात प्यायलं नसेल. आणि माझं पहिलंच पान त्यांच्या लेकाचं होतं. त्यांना ते लागलं तर, असं मनात आलं की चौकोनाकडे गेलेला हात मागे यायचा. नणंदेला मी सांगून टाकलं, त्या नको म्हणाल्या तर हे लॅपटॉपमध्येच राहील. ती म्हणाली, “वहिनी, विचारा तर खरं. उमेदवारीचा अर्ज भरायच्या आधीच पडलात तुम्ही.”

मग एका रविवारी दुपारी विचारायचं ठरलं. सासूबाई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना कळावं म्हणून मी, लोकांना धाडायचा मजकूर आधी वाचून दाखवला. तो मी आदल्या दिवशी लिहिला होता आणि मला तो फार जमलाय असं वाटत होतं. वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. या गल्लीतल्या बहुतेक लग्नांच्या पत्रिकांचा मजकूर गेली कित्येक वर्षं मी लिहून देते, शिकलेली सून म्हणून. हात तिकडंच वळला होता. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ पासून सुरुवात होती आणि शेवटी ‘आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे, हेच अगत्याचे आमंत्रण समजावे’ असं होतं.

नणंद हसून हसून भिंतीला टेकली. “आहेर आणू नये, हे राहिलंय,” ती म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. मी सगळं थोडक्यात सांगितलं, कशाबद्दल लिहिलंय, ते कुठं जाणार. त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“त्याच्यावर लिवलंयस आन् बोलावणं धाडतीस?” त्या म्हणाल्या. “बोलावणं लगनाला असतंय गं. मयताला कोन बोलावतंय का? कानावर पडलं की मानसं येत्यात.”

संपलं, असं मला वाटलं. मी लॅपटॉप मिटायला घेतला. आमच्याकडची ही रीत मी विसरले कशी, याचीच लाज वाटत होती. लग्नात एक बोलावणं चुकलं तर पाहुणे पिढ्यान्‌पिढ्या रुसतात. यांच्या वेळी मात्र बोलावल्याविना पार सासूबाईंच्या माहेरची, आष्ट्यापर्यंतची माणसं अंगणात येऊन बसली होती, आणि कुणाची भाकरी कुणाच्या घरून आली हे मला आजही माहीत नाही.

“मिटू नगंस,” सासूबाई म्हणाल्या. “आत काय लिवलंयस, ते वाच की.”

मी वाचलं. हे फौजेत काही काळ लंगरला होते, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकाला. निवृत्त होऊन आल्यावर एकदा म्हणाले, आज बायकांना सुट्टी, जेवण मी करतो. पण त्यांना स्वयंपाक यायचा तो पलटणीचा. चार माणसांचा अंदाजच नव्हता. लग्नातलं पातेलं शेजारून मागून आणलं, जम्मूहून ट्रंकेत आणलेला राजमा सगळा शिजवला, आणि मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, जेवायला या म्हणून ओरडत होते. सगळी गल्ली जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. तिसऱ्या दिवशी माणसं आमच्या दारावरून जाताना पाय उचलून चालायला लागली.

वाचताना मी वर बघितलं नाही. शेवटी बघितलं तेव्हा टरफलं आणि दाणे एकाच सुपात पडत होते. सासूबाईंचे खांदे हलत होते. मी घाबरले. त्या हसत होत्या.

“मीठ,” त्या म्हणाल्या. “मिठाचं न्हाई लिवलंस. मूठ मूठ टाकलं हुतं त्यानं.” मग पदरानं डोळे पुसून लेकीला म्हणाल्या, “फोन लाव आष्ट्याला. बोलावणं न्हाई, पर सांगाय पायजे. मामाला पयलं.”

आष्ट्याला त्यांचा धाकटा भाऊ असतो. फोनवर सासूबाईंनी एवढंच सांगितलं, की सूनबाईनं लिवलंय, सवड झाली की वाच. मग त्यांच्या जावेच्या माहेरी, मग भावकीतल्या दोन घरी. प्रत्येक फोनला ‘तुझ्या कानावर घातलं’ एवढं म्हणायच्या आणि ठेवायच्या. त्या बोलत असताना मी मिठाचं वाक्य घातलं आणि हिरवा चौकोन दाबला. पडद्यावर काही फारसं झालं नाही. नणंदेनं शेंगदाण्याची मूठ माझ्या हातात दिली. पेढे नव्हते घरात.

वाचक किती येतील, हे बघायला मी दर घटकेला लॅपटॉप उघडत होते. बराच वेळ एकच होता, आणि तो म्हणजे नणंद.

दोन दिवसांनी संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांचा ईमेल गावातल्या मोबाईलच्या दुकानदारानं काढून दिलेला, त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक. म्हणून मामा दुकानात गेले होते. तिथं दुकानदारानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. रिचार्जला आलेली माणसंही थांबली, आणि पुढची गिऱ्हाइकं आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

फोन स्पीकरवर होता. मामा म्हणाले, “आक्का, समदं बराबर हाय. पर त्यो राजमा न्हवता. आख्खा मसूर हुता.”

“राजमाच हुता.”

“मी खाल्लाय की.”

“तू आलाच न्हवतास रं त्या दिशी.”

“आलो न्हवतो, पर डबा कुनी धाडला हुता? माझ्या भाच्यानंच. वर चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई, नुसता मसूर. पाच किलोचा डबा.”

“राजमा.”

ते दोघं भांडत राहिले. म्हैस बाहेर हंबरत होती आणि सासूबाई उठल्या नाहीत. हे गेल्यापासून या घरात यांच्याबद्दल इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. मी हळूच लॅपटॉप उघडला. छापलेल्या पुस्तकात मागाहून ओळ घालता येत नाही, इथं येते. राजमा तसाच ठेवला, आणि खाली एक ओळ लिहिली: आष्ट्याचं म्हणणं वेगळं आहे.