कडूबाईंनी दाखवलेली पाण्याची खूण

कडूबाई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. शेवगावकडच्या ओढ्याकाठी चौदा घरांची वस्ती होती, त्यात पाण्याला सगळ्यांत जवळचं घर त्यांचं. गेल्या सप्टेंबरात ओढा फुगला, तेव्हा भल्या सकाळी त्यांनी वस्तीवरची सगळी लेकरं टेकाडावरच्या शाळेत नेली. त्यांचा नवरा, नाव कारभारी, मागं राहिला. गाई सोडून येतो म्हणाला. गाई पोहून निघाल्या. कारभारी तीन दिवसांनी खालच्या बंधाऱ्यात सापडला.

महिन्याभरानं, घरं पुन्हा कुठं बांधायची हे ठरवायला ग्रामसभा भरली. मी गावचा ग्रामसेवक. वस्ती टेकाडावर न्यावी, असा आराखडा मी मांडला. कुणी ऐकेना. रस्ता, विहीर, शेतं, सगळं खाली.

"आसा पूर काय दरसाल येतो व्हय?" सरपंच अंगदराव म्हणाले.

कडूबाई उठल्या. नवरा गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्याही नव्हत्या. "पानी कुठवर आल्तं ते मी दावते. चला."

सभा त्यांच्यामागं निघाली. बाभळीत अडकलेला पाचोळा, भिंतींवरचा गाळ, त्या हात लावून दाखवत गेल्या. मी चुन्याची रेघ मारत गेलो. अकरा घरं रेघेच्या आत आली. शेवटचं त्यांचं.

"आराखड्यात इथं काय लिहू?" मी विचारलं.

"पाडायचं लिवा. हितं बांबू लावा, झाडं लावा. मानसं नका ठिवू."

एवढं बोलून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मग त्यांना रडू आवरेना. "भाऊसाहेब, शाळेत मी लेकरंच मोजीत बसले. ह्यांना हाक मारायची ऱ्हाऊनच गेली."

अंगदरावांनी मान खाली घातली. त्याच दिवशी ठराव झाला.

अकरातली आठ घरं आता टेकाडावर आहेत. पाण्याची पाइपलाइन अजून यायचीय. तिघांनी मात्र जुन्याच जागी भिंती घातल्या. कडूबाईंचं घर पाडलं त्या दिवशी त्या अंगणवाडीत खिचडी शिजवत होत्या. बघायला आल्या नाहीत.

नव्या घराचा कागद द्यायला मी गेलो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी पूर्ण नाव वाचून दाखवलं, "कडूबाई कारभारी..."

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.