निकाल न लागलेल्या काड्या

माझ्या आत्याला कॉलेजात सगळे डिंकबाई म्हणत. वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर चिकटवायच्या आणि कपाटांत लावायच्या, हे तिचं काम. त्या वनस्पती डोंगरांतून गोळा करून आणायचे तिचे यजमान. एकदा गेले ते परतलेच नाहीत. हमालाबरोबर पाठवलेलं शेवटचं बाड तेवढं आलं.

त्यात ना पान ना मूळ, अशा नुसत्या काड्या होत्या. जुन्या पंडितांनी फूल न येणारं सगळं, शेवाळं, बुरशी, नेचे, ‘चोरून लग्न करणारे’ म्हणून एकाच दावणीला बांधलं होतं. पुढच्यांनी त्यांची फारकत केली. बुरशी तर वनस्पतीच नाही असं ठरलं. या काड्यांचं घोंगडं मात्र भिजत पडलं.

तिथला रिवाज असा, की वर्गीकरण बदललं तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही, शेजारी नवी लावायची. तिच्यावर गोळा करणाऱ्याचं नाव, आणि तो हयात नसेल तर नावाआधी ‘कै.’. यजमानांचं बाकीचं सगळं ते असतानाच लावून झालं होतं. दुसऱ्यांच्या नावांना आत्या बिनदिक्कत कै. जोडायची, पण या बाडाला हात लावू द्यायची नाही. “निकाल लागू दे,” म्हणायची.

बाड उघडलं की पिवळी भुकटी सांडे. बीजाणूच ते, पण आत्या ती भुकटी पुसत नसे. दुपारी कपाटामागे यजमान खोकतात, असंही सांगायची. मला या खुळाचा भारी राग यायचा. तिला खोटं पाडायला म्हणून मी एकदा तिथे जाऊन बसले, आणि मलाही खोकला ऐकू आला. घाबरले. पुन्हा कधी वाद घातला नाही.

मग एके दिवशी प्रमुखबाई हसत आल्या. “डिंकबाई, लागला एकदाचा निकाल. नेच्यांचेच सोयरे निघाले की हे. लावून टाका चिठ्ठ्या.”

“आजच?”

“आता कशासाठी थांबायचं?”

संध्याकाळी आत्या आमच्या दारात उभी. आत येईना. माझ्या वडिलांना म्हणाली, “दादा, हे गेले.”

आमच्या घरात तर ते कित्येक वर्षं सगळे धरूनच चालले होते. मी तोंड उघडणार, तोच वडिलांनी मला हाताने थांबवलं.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“आज दुपारी,” आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.