दोन भाऊजी

आमच्या घरात भाऊजी दोन आहेत. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान ढाणकीला राहतात, ते माझे भाऊजी. माझा धाकटा भाऊ पांढरकवड्याला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, तो माझ्या बायकोचा भाऊजी. लग्नाला वीस वर्षं झाली, पण यावरून कधी घोळ झाला नव्हता. कोणते भाऊजी ते बोलण्यातूनच कळायचं.

मी घाटंजीच्या एका शाळेत लिपिक आहे. नोंदी नीट ठेवणारा माणूस अशी माझी ओळख आहे आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगतो, कारण जे झालं ते त्या अभिमानातूनच झालं.

क्रिप्टोचा नाद मला सहकाऱ्यांकडून लागला. सुरुवातीला घरच्या कॉम्प्युटरवर ते ठेवायचं माझं एकच वॉलेट, म्हणजे डिजिटल पाकीट, होतं. मग बायकोचं उघडलं, भावाचं उघडलं आणि शेवटी भाऊजींचं. भाऊजींनी कंबरदुखीमुळे मालवाहू टेम्पो विकला होता. ते पैसे बँकेत ठेवायला ते निघालेच होते. मीच त्यांना थांबवलं आणि सगळ्याचं क्रिप्टो घ्यायला लावलं.

प्रत्येक वॉलेटचा पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. गोंधळ होऊ नये म्हणून मी नावं देऊन ठेवली होती: 'माझं', 'घर', 'धाकटा', 'भाऊजी'. नवीन वॉलेट उघडलं की कॉम्प्युटर बारा इंग्रजी शब्द दाखवतो. ते कागदावर उतरवून ठेवायचे. कॉम्प्युटर जळला, चोरीला गेला, तरी त्या बारा शब्दांवर सगळं परत मिळतं. शब्द नसले तर जगातलं कोणीही ते परत देऊ शकत नाही. हे मी सगळ्यांना समजावून सांगायचो. भावाचे शब्द मी वाचले आणि बायकोने तिच्या वळणदार अक्षरात वहीत उतरवले.

भाऊजींचं वॉलेट उघडलं त्या दिवशी ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर बारा शब्द आले. तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं.

"चाल नं साळेबुवा, बस चुकवतं काय माही? तुह्या बहिणीले काय सांगू, कॉम्प्युटरनं धरून ठेवलं म्हणून?"

पडद्यावर 'नंतर' असं एक बटण होतं. मी ते दाबलं. त्यांना स्टँडवर सोडून आलो, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

पुढे कॉम्प्युटर फार अडखळायला लागला. एका रविवारी दुपारी मी तो पूर्ण पुसून पुन्हा नव्याने बसवायचं ठरवलं. फोटो, शाळेची कागदपत्रं बाजूला काढली. वॉलेटची काळजी नव्हती, वही होतीच. खात्री म्हणून बसल्या जागेवरून स्वयंपाकघरात आवाज दिला.

"भाऊजीचे बारा शब्द लिहिले आहेत नं वहीत?"

"आहेत नं! मीच तर लिहिले. कायले चिंता करता?"

मी उठून वही पाहिली असती तर कपाटापर्यंत चार पावलं होती. मी उठलो नाही. बटण दाबलं.

संध्याकाळी वही उघडली. तिच्या अक्षरात 'भाऊजी' असं शीर्षक होतं आणि खाली बारा शब्द. ते टाकले, वॉलेट उघडलं, आणि त्यात धाकट्याची थोडीशी रक्कम दिसली. मी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांना एकदमच कळलं. ती रडायला लागली. चूक तिची नव्हती, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

यवतमाळला, मग नागपूरला हार्ड डिस्क घेऊन गेलो. काही निघालं नाही.

या व्यवहारांची नोंद इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली असते. पत्ता टाकला की त्यात किती आहे ते कोणालाही दिसतं. भाऊजींचं सगळं तिथे जसंच्या तसं होतं, भाव वाढला की वाढतही होतं. फक्त ते कोणालाच हलवता येणार नव्हतं. भाऊजी अधूनमधून विचारायचे, "आहेत नं बरोबर?" मी त्या पानाचा फोटो पाठवायचो. फोटो खरा असायचा. आठ महिने मी त्यांना खरे फोटो पाठवून फसवलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ढाणकीच्या बाजारात धान्याचं दुकान घ्यायचं ठरलं होतं.

"शनिवारी येतो बरं. दुकानवाल्याले जबान देली मी. काढून ठेव सारे."

"भाऊजी, ते निघत नाहीत."

"सर्व्हर डाऊन हाय काय? मंग सोमवारी काढू. घाई नाही."

एवढी सोपी वाट त्यांनीच करून दिली होती. आधी दोनदा मी अशाच वाटेने निसटलो होतो.

"सर्व्हर नाही भाऊजी. कधीच नाही निघणार ते."

"पण फोटोत तर दिसून राह्यले."

"दिसतात. तसेच दिसत राहतील."

मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "इकडे ये वो. तुहा भाऊ काय म्हणून राह्यला, पाहाय जरा."

बहिणीने फोन घेतला. "काय झालं रे? काय केलं तू?"

"ताई, बारा शब्द लिहायचे राहून गेले माझ्याकडून."

"एवढंच?" तिच्या आवाजात एकदम सुटल्यासारखं वाटलं. "मंग लिहून टाक नं आता."