पारावरची बातमी

महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या अलीकडे आमचं गाव. गावात पेपर एकच यायचा, तोही शिळा. एसटीचा कंडक्टर तो फाट्यावर टाकून जायचा आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून बाबा मोठ्यानं वाचायचे. बाबा कापूस पिकवणारे साधे शेतकरी होते, पण आवाज खणखणीत, आणि वाचताना स्वतःच्या पदरचं काही घालायची सवय नाही. या सवयीनंच आमचा घात केला.

बासष्ट साली चीननं हल्ला केला तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. देशासाठी सोनं द्यायचं ठरलं. आईनं मंगळसूत्रातले सोन्याचे मणी सोडवून काढले आणि सरपंचाच्या हातावर ठेवले. हे मुद्दाम सांगते. पुढे ज्यांनी आम्हाला देशद्रोही म्हटलं, त्यांच्यातल्या कितीतरी घरची सोन्याची फुलं कानातून हललीसुद्धा नव्हती.

पहिले काही दिवस पारावर बसायला जागा मिळत नसे. मग एका संध्याकाळी बाबांनी वाचलं की आपलं सैन्य मागे हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पारावरचं खोकणं, विड्या ओढणं थांबलं. कोणीतरी पायानं माती उकरत राहिलं. सरपंचानं बाबांना विचारलं, "हे काहून वाचता?"

बाबा म्हणाले, पेपरात आहे.

"असलं तरी गाळा. लोकायचा जीव खचते."

बाबांनी पेपराची घडी केली. "घरातलं माणूस तापानं फणफणलं तं ताप नाही म्हणून सांगू का? देश माहाही आहे. म्हणूनच वाचतो."

त्यानंतर पेपर फाट्यावरून परस्पर सरपंचाकडे जाऊ लागला. सरपंचाचा पुतण्या वाचू लागला, आणि त्याच्या वाचण्यात आपण रोज जिंकत होतो. लढाई थांबली तरी आमच्यावरचा राग थांबला नाही. आमच्या वावरात वेचणीला बाया येईनाशा झाल्या. मी विहिरीवर गेले की बोलणं बंद व्हायचं. एका सकाळी बैलगाडीचे दोर कापलेले दिसले. घरात कापसाचा ढीग आढ्याला टेकलेला. एक काडी पुरे होती. आई पाण्यानं भरलेल्या बादल्या दाराशी ठेवू लागली. बाबा तिला वेडी म्हणायचे, पण रिकामी झालेली बादली स्वतःच भरून ठेवायचे.

पुढच्या वर्षी पोळ्याला शेजारचा मुलगा रजेवर आला. तो फौजेत होता, त्याच लढाईत होता. आधी आमच्याच ओसरीवर आला. बाबांच्या पाया पडला आणि हळू आवाजात म्हणाला की काका, तुम्ही वाचलं ते खरंच होतं. बर्फात कापडी बूट होते, गोळ्या सरल्या, मग मागे निघालो. त्याच्या पायाची कातडी अजून काळी होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, आता हा गावाला सांगेल आणि आम्ही सुटू.

संध्याकाळी पारावर त्याच्या गळ्यात हार पडले. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो म्हणाला, आम्ही त्यायले पळवून पळवून मारलं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघते. कागदाची, चिंध्यांची मोठी बाहुली गावाबाहेर नेऊन जाळायची, आणि जे जे नकोसं असेल ते तिच्यासोबत धाडायचं. "खोकला घेऊन जाय गे मारबत, रोगराई घेऊन जाय गे मारबत," असं ओरडत लोक दारावरून जातात. त्या पहाटे चीनही धाडला. मग मिरवणूक आमच्या दाराशी थांबली. टेंभे उरलेल्या कापसाच्या खोलीच्या खिडकीजवळ आले. कोणीतरी बाबांचं नाव घेतलं आणि सगळ्या गल्लीनं उचललं, याले घेऊन जाय गे मारबत. फौजी मुलगा पुढे होता. त्याचे ओठ हलत होते.

बाबा उंबऱ्यावर उभे होते. एक शब्द बोलले असते तर तो मुलगा उघडा पडला असता. ते बोलले नाहीत. लोक बराच वेळ ओरडले आणि पुढे गेले. आईनं हातातली बादली खाली ठेवली. तिनं विचारलं, "काहून नाही सांगितलं त्यायले?"

"त्यालेही याच गावात राहाचं आहे," बाबा म्हणाले. मला तेव्हा बाबांचा भयंकर राग आला होता. त्यातला थोडा अजून आहे.

पासष्ट साली पुन्हा लढाई लागली, या वेळी पाकिस्तानशी. पारावर सरपंचाच्या पुतण्याचा आवाज चढला. शेजारचा फौजी मुलगा पुन्हा सरहद्दीवर गेला होता आणि त्याचं पत्र येणं थांबलं होतं. एका दुपारी त्याची आई आमच्याकडे आली. दोन वर्षांत तिनं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. पदराखालून तिनं पेपर काढला. तालुक्याहून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवला असणार.

"भाऊजी, पारावर तं आपण रोजच जिंकून राह्यलो," ती म्हणाली. "माह्या पोराच्या तिकडं काय झालं ते तुमी वाचा. गाळू नका."

बाबांनी चष्मा लावला. आईनं उठून आधी दार लावून घेतलं, मग खिडकीही. मग बाबांनी वाचायला सुरुवात केली, आयुष्यात पहिल्यांदा, अगदी हळू आवाजात.