गाडीचा जीव

गाडी धूर सोडत येवो, धापा टाकत येवो, नाहीतर चार माणसं ढकलत आणोत, मोखाड्याचे मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचे.

"पूजा कोन करतं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस सरकलाय. तुम्हालाही वाटलं असतं. गाडी घाटात अडकून मी वैतागून आलेलो, आणि हे महाशय पूजेची चौकशी करतायत!

मिस्त्री गाड्यांचं वायरिंग बघायचे. बाजाराच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान, कानाला टेस्टर खोचलेला. तरुणपणी ठाण्यात काम केलेलं, पण बोली मात्र गावाकडचीच राहिली.

मी राहायला जव्हारला आणि नोकरीला मोखाड्याच्या पंचायत समितीत. जुनी गाडी घेतली आणि आईचा जीव टांगणीला लागला, कारण मधे घाट. दसऱ्याला तिने मला बॉनेट उघडायला लावलं आणि आतल्या यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. "बाहेर काय, सगळेच करतात," म्हणाली.

पुढे पावसाळ्यात गाडी चढावर दम सोडायला लागली. पाय कितीही दाबा, ढिम्म. भर दिवसा धुक्यात दिवे लावावेत तर ते लग्नाच्या माळेसारखे उघडझाप करणार. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, दुसऱ्याने फिल्टर, तिसऱ्याने पेट्रोलवर खापर फोडलं. माझ्या नाकी नऊ आले.

"दृष्ट लागली रे!" आई म्हणाली, आणि तिने पूजा वाढवली. आधी दर अमावास्येला होती, ती दर शनिवारी झाली. गाडी जितकी रडे, तितकं पंचामृत जास्त. बॉनेट धरून मीच उभा असायचो, म्हणजे बघा!

"आई करते पूजा," मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि नुसतं बोट दाखवलं. बॅटरीच्या टोकांवर हळद, कुंकू, अक्षता आणि वाळलेलं दही यांचा थर, आणि त्याखाली हिरवट-पांढरा भुगा.

"करंट जायाला रस्ताच नाय. दिवं फडफडनार नाय तं काय? इंजिनाला पन करंट लागतो सायेब. ते बिचारं अर्धपोटी घाट चढतंय."

गरम पाणी, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, वर जरासं ग्रीस. अर्ध्या तासात गाडी अशी सुरू झाली की मलाच लाज वाटली. लाजेमागून राग आला. "आज घरी जाऊन आईला चांगलं सुनावतो!"

मिस्त्रींनी काळ्या हाताने माझं मनगट धरलं. "बोलायचं नाय. पोरगा घाटात अडकला तो माझ्यापायी, असं कळलं तं म्हातारी जेवंल का?"

पुढच्या रविवारी ते स्वतः घरी आले. आईने केलेला चहा प्यायले आणि विचारलं, "आई, कुंकू कपाळाला लावतात का पोटात?"

"कपाळाला. हे काय विचारणं?"

"मंग बॉनेट कशाला उघडता? त्ये तं पोट झालं. कपाळ बाहेर हाय." आणि त्यांनी नंबरपाटीच्या वर पिवळ्या रंगाने रुपयाएवढा गोल काढून दिला.

"अगं बाई, हे आजवर कुणी सांगितलंच नाही!" आई खूश. तेव्हापासून पूजा त्या गोलात, आणि माझी गाडी ठणठणीत. मग मी बघायला लागलो. बाजारातल्या कितीतरी जीपच्या कपाळावर तसाच पिवळा गोल होता. तुम्ही आमच्याकडे आलात तर नीट बघा, अजून दिसतील.

एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही कामाने साखरशेतला त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री अंगणात उकिडवे बसलेले. समोर त्यांची स्कूटर, सीट उघडी, हातात टूथब्रश. बॅटरीवर हळद-कुंकू, अक्षता, सगळा थाट!

मला हसू आवरेना. "अहो, अख्ख्या तालुक्याला शिकवता आणि तुमच्याच घरी? काकूंना सांगा की कपाळाचं!"

"हळू बोला!" त्यांनी घराकडे पाहिलं. "लग्न झालं त्या साली मीच तिला शिकवलेलं. मोठ्या ऐटीत. म्हनलं, गाडीचा जीव हिथं असतो. ती तवापासून जिवाला कुंकू लावते. आता काय सांगू तिला?"

आणि खाली मान घालून पुन्हा घासायला लागले. दरवर्षी ती पूजा करणार, दुसऱ्या दिवशी हे गुपचूप धुणार. एवढ्या वर्षांत काकूंना पत्ता नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. छातीत दुखायला लागलं आणि जव्हारला पोचेपर्यंत सगळं संपलं. दुकान बंद आहे. तिथून जाताना मी अजून सवयीने गाडी हळू करतो.

काकू आता स्वतः स्कूटर चालवतात, नाचणीचे पापड घेऊन मोखाड्याच्या बाजाराला येतात. या दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. "गाडीला दमच नाय सायेब. चढावर रडते, दिवा फडफडतो. हे गेलेलं तिला पन कळलंय."

मी साखरशेतला गेलो. सीट उचलली. हळद, कुंकू, अक्षता. यंदा काकूंनी जरा जास्तच केलं होतं.

"गाडीचा जीव हिथं असतो, असं हे म्हनायचे," काकू शेजारी उभं राहून म्हणाल्या.

"काकू, चहा टाकता का?" मी म्हणालो. त्या आत गेल्या. सीटखालच्या खणात मिस्त्रींचा टूथब्रश तसाच होता. चुलीशेजारच्या हंड्यातलं गरम पाणी घेतलं आणि भराभर घासलं.

चहा घेऊन त्या आल्या तेव्हा दिवा लख्ख लागला होता. "काय झालेलं वो?"

"काही नाही, एक वायर सैल होती. पूजा मात्र सोडू नका."

"छे! ती कशी सोडीन?" काकू म्हणाल्या.

ब्रश मी परत खणात ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची रजा आतापासूनच टाकून ठेवली आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, घरगुती काम.